पोलीस ठाण्यातील कॅमेरे, जिल्हा देखरेख समिती आणि महापौरांची जागा

कसबेकर (धागाकर्ता)

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत पोलिसांविषयी प्रश्न निघाला की 'हा विषय गृहखात्याच्या अखत्यारीतील आहे' हे उत्तर ठरलेले असते, आणि घटनेच्या दृष्टीने ते चुकीचेही नाही. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था पहिल्या क्रमांकावर आणि पोलीस दुसऱ्या क्रमांकावर आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात जे १८ विषय आहेत त्यांत रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे येतात. पोलीस येत नाहीत. त्यामुळे अंधाऱ्या बोळात दिवा लावणे हे पालिकेचे काम आणि त्या बोळात गस्त घालणे हे पोलिसांचे काम, अशी वाटणी झालेली आहे. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले की नागरिक मध्येच लटकतो.

या वाटणीवर आजवर ज्या चर्चा वाचल्या त्या बहुतेक 'पोलीस महापौरांच्या ताब्यात द्या' आणि 'देवा, तसे काही करू नका' या दोन टोकांना जाऊन थांबतात. मला त्या दोन्ही टोकांना न जाता एका लहानशा जागेबद्दल लिहायचे आहे. ही जागा स्थानिक लोकप्रतिनिधीला मिळालेली आहे, ती सर्वोच्च न्यायालयाने दिलेली आहे, आणि तिची चर्चा मी एकाही पालिकेच्या निवडणूक प्रचारात ऐकली नाही.

२ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी विरुद्ध बलजित सिंह या प्रकरणात न्या. रोहिंटन नरिमन यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचे सविस्तर आदेश दिले. वर्तमानपत्रांत बातमी आली ती कॅमेऱ्यांची. परंतु त्याच निकालात या कॅमेऱ्यांवर लक्ष कोणी ठेवायचे हेही सांगितलेले आहे. राज्य पातळीवर एक देखरेख समिती असेल आणि तिच्यात गृह व वित्त विभागांचे सचिव, पोलीस महासंचालक आणि राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षा किंवा सदस्य असतील. जिल्हा पातळीवर दुसरी समिती असेल. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक हे तीन अधिकारी आणि चौथे सदस्य म्हणून जिल्ह्यातील नगरपालिकेचे महापौर, अथवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुख असतील.

हा चौथा सदस्य एकटाच लोकांनी निवडून दिलेला आहे, हे लक्षात घ्यावे. आता या समितीचे काम पाहा. कॅमेरे चालू आहेत की नाहीत हे पाहणे, ठाणे प्रमुखाशी त्याबाबत बोलणे, दर महिन्याला राज्य समितीला अहवाल पाठवणे, ही झाली हिशेबाची कामे. त्यापुढे निकाल असे म्हणतो की निरनिराळ्या ठाण्यांतील साठवलेले चित्रीकरण या समितीने तपासावे आणि ज्याची तक्रार झालेली नाही असा मानवी हक्कांचा भंग त्यात दिसतो का ते पाहावे. तक्रार येण्याची वाट पाहायची नाही. ज्याला कोठडीत मारहाण झाली तो माणूस बहुधा तक्रार करत नाही, त्याचे घरचेही करत नाहीत, कारण उद्या त्याच ठाण्याच्या हद्दीत राहायचे असते. हे न्यायालयाने गृहीत धरलेले दिसते.

आणखी एक कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ठाण्यातील कॅमेरे बंद पडले तर ठाणे प्रमुखाने ते तत्काळ जिल्हा समितीला कळवायचे आहे, आणि कॅमेरे बंद असलेल्या काळात ठाण्यात ज्यांना अटक झाली वा ज्यांची चौकशी झाली त्यांची नोंदही समितीकडे पाठवायची आहे. 'त्या दिवशी नेमका कॅमेरा बंद होता' हे वाक्य आपण किती वेळा वाचलेले आहे! निकालाप्रमाणे ते वाक्य चौकशीच्या वेळी नव्हे, बिघाड झाला त्याच वेळी चार जणांच्या समितीपुढे लेखी यायला हवे, आणि त्या चारांत आपला महापौर आहे.

महाराष्ट्रात हे कागदावरच राहण्याला एक अगदी साधे कारणही घडले. निकाल डिसेंबर २०२० चा. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचे घोळ यांत निवडणुका अडकल्या आणि मार्च २०२२ पासून मुंबई, पुण्यासह बहुतेक मोठ्या महापालिका व जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. महापौरच नाही तर समितीत बसणार कोण? जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांचे मतदान झाले. आता 'महापौर अस्तित्वात नाहीत' हे कारण उरलेले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की पोलीस सुधारणांच्या मोठ्या मागण्यांच्या मागे धावण्याआधी प्रत्येक शहरातील नागरिकांनी आपल्या महापौरांना विचारावे: जिल्हा देखरेख समितीत आपण आहात का, बैठक झाली का, आणि बंद कॅमेऱ्यांच्या नोंदी आपण पाहिल्या का. सदस्यांनी आपापल्या जिल्ह्यातील अनुभव लिहावेत.

नागपूरची वकील

धागाकर्त्यांनी निकालाचा आशय बरोबर मांडला आहे. थोडी भर घालते.

१८ महिन्यांचे चित्रीकरण साठवावे असे न्यायालयाने म्हटले आहे, आणि तेवढी साठवण क्षमता बाजारात मिळत नसेल तर जास्तीत जास्त मुदतीची, मात्र कोणत्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नसलेली यंत्रणा घ्यावी असे आहे. ठाण्याच्या प्रवेशद्वाराशी आणि आत इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत मोठे फलक लावून येथे चित्रीकरण होते, आणि हक्कभंग झाल्यास मानवी हक्क आयोग, मानवी हक्क न्यायालय किंवा पोलीस अधीक्षकांकडे दाद मागता येते, हे लिहायचे आहे. मी जामिनाच्या कामासाठी अनेक ठाण्यांत जाते. 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात' अशी पाटी जवळजवळ सगळीकडे दिसते. दाद कोठे मागायची हा दुसरा अर्धा भाग पाटीवर क्वचितच असतो. पाटी रंगवणाऱ्याने जागा वाचवली असे समजून आपण पुढे जातो.

दुसरे, या समितीची गल्लत पोलीस तक्रार प्राधिकरणाशी होऊ नये. प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी जे सात निर्देश दिले गेले त्यांत राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांवर तक्रार प्राधिकरण स्थापावे असा एक निर्देश होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून प्राधिकरण आणले, परंतु जिल्ह्याऐवजी विभाग ही पातळी ठेवली. परिणामी गडचिरोलीच्या माणसाने कोठडीतील मारहाणीची तक्रार घेऊन नागपूर गाठायचे. त्याच दुरुस्तीने राज्य सुरक्षा आयोगही आला. त्यात गृहमंत्री आहेत, विरोधी पक्षनेते आहेत, महापौर वा जिल्हा परिषद अध्यक्ष यांना पदसिद्ध जागा नाही. या पार्श्वभूमीवर सैनी निकालातील चौथे सदस्यत्व किती वेगळे आहे ते कळते.

एक सावधगिरीची सूचना. ठाण्यात अत्याचाराची तक्रार द्यायला आलेली स्त्री, लैंगिक गुन्ह्यातील बालक, खबऱ्या, हे सगळे त्याच कॅमेऱ्यात दिसतात. पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. त्यामुळे महापौरांनी चित्रीकरण पाहणे आणि महापौरांच्या स्वीय सहायकाने ते भ्रमणध्वनीवर पुढे पाठवणे यांत अंतर राखणारी नियमावली आधी हवी.

शंकासुर

स्पष्ट बोलतो. आपल्याकडच्या नगरसेवकांच्या प्रतिज्ञापत्रांतील गुन्ह्यांचा रकाना कोणी वाचला आहे का? ज्याच्या कार्यकर्त्याला काल रात्री ठाण्यात नेले, त्याच्याच पक्षाच्या महापौराच्या हाती ठाण्याचे चित्रीकरण द्यायचे, ही कल्पना मला भयावह वाटते. आज आमदार बदल्यांत हात घालतात अशी ओरड आहे. उद्या त्यांच्या रांगेत महापौर उभे राहतील. शिवाय आपला महापौर म्हणजे अडीच वर्षे सभा चालवणारा आणि फिती कापणारा माणूस. कार्यकारी अधिकार सगळे आयुक्तांकडे. त्याच्याकडून विभागीय आयुक्त आणि पोलीस अधीक्षकांना प्रश्न विचारले जातील ही अपेक्षाच भाबडी आहे.

माजी नगरसेवक

शंकासुर यांचा राग समजू शकतो, पण ते दोन परस्परविरोधी आक्षेप घेत आहेत. महापौर एकाच वेळी धोकादायक आणि निरुपयोगी असू शकत नाही.

मी पाच वर्षे एका मध्यम आकाराच्या शहरात प्रभाग समितीवर होतो. पोलिसांवर आमचा अधिकार शून्य होता, तरी पोलिसांसाठी आमचा खर्च बराच होता, हे लोकांना माहीत नसते. सिग्नल पालिका बसवते आणि दुरुस्त करते, वाहतूक पोलीस तो चालवतात. अतिक्रमण काढायला बंदोबस्त लागतो, त्याचे पत्रव्यवहार आणि पैसे आमचे. चौक्यांना जागा, पाणी, रंगरंगोटी आमच्याकडून. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांना वाहने आणि शहरात कॅमेरे घेतले जातात, आणि त्या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य घटनेनेच स्थानिक स्वराज्य संस्थांतून निवडून यायचे असतात. पैसे मंजूर करताना आमचा हात वर हवा आणि त्या पैशाचे काय झाले हे विचारताना आम्ही परके, असा तो न्याय.

एक प्रसंग सांगतो. आमच्या प्रभागात रेल्वेरुळांलगतचा एक पादचारी रस्ता होता. तेथे संध्याकाळी मंगळसूत्र हिसकावण्याचे प्रकार वाढले. पोलीस म्हणाले, दिवे नाहीत. विद्युत विभाग म्हणाला, खांब आहेत पण खालच्या पेटीतून वायर चोरीला जाते, पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत. ठाण्यात गेलो तर कळले की त्या रस्त्याची उजवी बाजू एका ठाण्याच्या हद्दीत, डावी दुसऱ्या ठाण्याच्या आणि पुलाखालचा तुकडा रेल्वे पोलिसांच्या. आमच्या प्रभागाची हद्द या तिन्हींपैकी एकीशीही जुळत नव्हती. शेवटी प्रभाग समितीच्या सभापतींनी तिन्ही ठाण्यांच्या अधिकाऱ्यांना चहाला बोलावले. चहाला म्हणून, कारण बैठकीला बोलावण्याचा अधिकारच नव्हता. दोघे आले. पेटीला कुलूपबंद लोखंडी झाकण बसले, वायरचोरीची फिर्याद कनिष्ठ अभियंत्याने द्यावी असे ठरले आणि प्रश्न बराचसा सुटला. पुढच्या वर्षी वरिष्ठ निरीक्षक बदलले. नवे साहेब चहाला आले नाहीत.

महापौरांना चित्रीकरण दाखवा की नको यावर वाद घाला, पण प्रभाग समितीच्या तिमाही बैठकीला हद्दीतील ठाणे प्रमुखाने येणे बंधनकारक असावे आणि इतिवृत्त प्रसिद्ध व्हावे, एवढे जरी झाले तरी माझ्या दृष्टीने ते मोठे काम ठरेल.

गिरगावकर

पैसे आमचे आणि ताबा सरकारचा, हे दुखणे मुंबईत फार जुने आहे. एकोणिसाव्या शतकात शहराच्या पोलीस खर्चाचा भार मुंबईच्या पालिकेवर होता, तर पोलीस आयुक्त सरकारचे. ज्या दलावर आमचा अधिकार नाही त्याचा खर्च आम्ही का द्यावा, हा प्रश्न तेव्हाच्या नगरसेवकांनी वर्षानुवर्षे लावून धरला. १९०७ साली कायदा होऊन पोलिसांचा खर्च सरकारने स्वतःकडे घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय सेवेची जबाबदारी पालिकेवर आली. पालिकेच्या शाळा आणि रुग्णालयांची आजची व्यवस्था ज्या वळणावरून आली त्या वळणावर पोलिसांचे बिल होते, हे गंमतीचे आहे. त्या व्यवहारात पालिकेने खर्चातून सुटका मिळवली आणि प्रश्न विचारण्याचा नैतिक आधारही गमावला, असे माझे मत.

निवृत्त खाकी

हा धागा पोलिसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून चालला आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. ३३ वर्षे खात्यात काढली, त्यातली शेवटची काही ठाणे प्रमुख म्हणून.

निकालात कॅमेरे कोठे हवेत त्याची यादी आहे: प्रवेशद्वार, मुख्य फाटक, कोठड्या, मार्गिका, स्वागतकक्ष, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, कोठडीबाहेरचा भाग, स्वच्छतागृहाच्या बाहेर, मागचे आवार. जुन्या दगडी इमारतीतील ठाण्यात एवढे कॅमेरे आणि वर्षभराची साठवण म्हणजे काय, हे मंत्रालयात बसून कळत नाही. कॅमेरे पुरवणारा ठेकेदार एक, देखभालीचा ठेका दुसऱ्याकडे, वीज गेली की बॅटरी तासाभरात झोपते. पावसाळ्यात आमच्या ठाण्याची एक बाजूच मुळी ओल येऊन बंद पडायची. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एका बाजूला फिर्यादी, दुसऱ्या बाजूला वायरलेस, समोर मोर्चाचे निवेदन घेऊन आलेले पंधरा लोक. त्यात पडद्यावरचा नववा चौकोन काळा झाला आहे हे त्याच्या लक्षात यायला दोन दिवस जातात. लक्षात आले की आम्ही वरिष्ठ कार्यालयाला पत्र पाठवत असू. त्या पत्राचे उत्तर येईपर्यंत जे काही घडेल त्याचा दोष मात्र आमचा.

म्हणूनच मी या समितीच्या बाजूने आहे, आणि माझ्या जुन्या सहकाऱ्यांनीही असावे असे मला वाटते. कॅमेरा बंद पडल्याचे पत्र जर महापौर आणि जिल्हाधिकारी यांच्यापुढे गेले, तर दुरुस्तीसाठी आम्हाला याचना करावी लागणार नाही. ती राज्य समितीकडून तत्काळ करून घेणे हे निकालाने जिल्हा समितीचेच काम ठरवले आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला चित्रीकरण वाचवते. महिलेने ठाण्यात केलेला विनयभंगाचा आरोप, राजकीय कार्यकर्त्याने अंगावर येऊन नंतर केलेली मारहाणीची तक्रार, अशा प्रकरणांत कॅमेऱ्याने माझी माणसे सुटलेली मी पाहिली आहेत.

आणि जेथे कॅमेऱ्याने सुटू नये अशी माणसे असतात, तेथेही तो हवाच. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत कोठडीत मरण पावलेल्या तरुणाचा मृतदेह पोलिसांनीच आंबोलीला नेऊन जाळला, आणि आरोपी पळून गेल्याची कथा रचली. त्या एका रात्रीने राज्यातल्या प्रत्येक ठाण्याची मान खाली गेली. हे लिहिताना मला कोणाचीही बाजू घ्यायची नाही.

शंकासुर यांच्या बदल्यांच्या मुद्द्याशी मात्र मी शंभर टक्के सहमत आहे. स्थानिक लोकप्रतिनिधीला विचारणा करता यावी, नेमणुकीत बोट घालता येऊ नये.

टेम्सकाठी

मी लंडनमध्ये राहते आणि आमच्या भागातील कौन्सिलच्या बैठकांना प्रेक्षक म्हणून जाण्याचा छंद आहे. इथली रचना आदर्श नाही, पण तुमच्या चर्चेशी तिचे दोन धागे जुळतात.

पहिला धागा माजी नगरसेवकांच्या चहाचा. इंग्लंडमध्ये १९९८ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिल आणि पोलीस यांच्यावर गुन्हे कमी करण्याची संयुक्त जबाबदारी टाकली. २००६ च्या दुसऱ्या कायद्याने प्रत्येक कौन्सिलमध्ये या भागीदारीच्या कामाची छाननी करणारी नगरसेवकांची समिती सक्तीची केली. तिने वर्षातून किमान एकदा तरी बसावे आणि पुरेशी सूचना देऊन पोलीस अधिकाऱ्याला बोलावले तर त्याने यावे, असा नियम आहे. समिती एखाद्या शिपायाची चौकशी करत नाही, कोणाला अटक करा असे सांगत नाही. मी पाहिलेल्या बैठकीत तासभर एका बसथांब्याजवळच्या टोळक्यावर चर्चा झाली, आणि अधिकाऱ्याला आपल्याजवळ गस्तीची आकडेवारी नाही हे सर्वांसमक्ष मान्य करावे लागले. पुढच्या बैठकीला ती आली.

दुसरा धागा कोठडीचा. १९८१ मध्ये ब्रिक्स्टनला जी दंगल झाली तिच्यावरील लॉर्ड स्कार्मन यांच्या अहवालात सामान्य नागरिकांनी पोलीस कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात अशी शिफारस होती. २००२ च्या कायद्यानंतर ही व्यवस्था सर्वत्र वैधानिक झाली. स्वयंसेवक दोघांच्या जोडीने, न कळवता, रात्री-अपरात्रीही कोठडीत जातात आणि तेथील माणसाला जेवण मिळाले का, औषध मिळाले का, वकिलाला कळवले का एवढेच विचारतात. त्याच्यावरील गुन्ह्याबद्दल बोलायचे नाही असा दंडक आहे. तुमच्याकडे न्यायालयाने चित्रीकरण तपासायला सांगितले, येथे माणसेच पाठवतात.

निवडून दिलेल्या पोलीस आयुक्तांचा इथला प्रयोग मात्र कोणी डोळे झाकून उचलू नये. लंडनबाहेर २०१२ मध्ये या पदासाठी पहिल्यांदा निवडणूक झाली तेव्हा मतदान जेमतेम १५ टक्के होते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने हे पद २०२८ मध्ये रद्द करण्याची घोषणा केली.

जुना ठाणेकर

कसबेकर, तुमच्या मांडणीतला एक व्यावहारिक पेच आमच्या जिल्ह्यात अगदी ठळकपणे दिसतो. निकालात 'जिल्ह्यातील नगरपालिकेचे महापौर' असे एकवचनी म्हटले आहे. ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर अशा सहा महापालिका आहेत, म्हणजे सहा महापौर. पोलिसांच्या बाजूनेही तेच: ठाणे शहर, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर वसई-विरार ही तीन आयुक्तालये आणि त्यांच्या जोडीला ठाणे ग्रामीणचे अधीक्षक. निकालाने 'जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक' म्हटले आहे. आयुक्तालयाच्या हद्दीतील ठाण्यांसाठी कोणी बसायचे? आणि मुंबईत दोन जिल्हे, एकच महापौर, जिल्हा परिषद एकही नाही. राज्य सरकारने आयुक्तालयनिहाय समित्या आणि प्रत्येक महापालिकेचे महापौर आपापल्या हद्दीपुरते सदस्य, अशी रचना केली तरच याला अर्थ राहील.

आमच्याच जिल्ह्यातील भिवंडीचे उदाहरण या चर्चेत यायलाच हवे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या गावात सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि १९८८ पासून त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतील साधे लोक, नेहमीचे पुढारी नव्हेत, आणि प्रत्येक समितीला जोडलेला पोलीस. बाबरी मशीद पडल्यानंतर डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. मुंबईत १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी मोहल्ला समिती चळवळ उभी केली, तीही दंगलीनंतरच. दोन्हीकडे यश मिळाले ते अधिकाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून होते. माजी नगरसेवक म्हणतात तो चहा आणि भिवंडीच्या समित्या यांचा जीव सारखाच. साहेब बदलले की कठीण.

पंढरपूरची

शहरांचीच चर्चा चालली आहे, म्हणून गावाकडून लिहिते. आमच्याकडे पोलीस पाटील आहे. वतनी पाटीलकी १९६३ पासून गेली आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमलेला पाटील आला. तो गावचा असला तरी ग्रामसभेला बांधील नाही, त्याची नेमणूक प्रांताधिकाऱ्यांकडून होते. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील यांनी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा समिती ग्रामसभेत निवडायची होती, आणि ती मला आजही चांगली कल्पना वाटते. पुढे बक्षिसासाठी तंटे मिटल्याचे कागद रंगले, तो भाग वेगळा. मी गावच्या तंटामुक्त समितीवर होते. बांधाचे वाद मिटवताना समिती उत्साही असायची, आणि नवऱ्याच्या मारहाणीचे प्रकरण आले की 'घरातले घरात मिटवा' असा सूर लागायचा. एका बाईला मी स्वतः तालुक्याच्या ठाण्यात घेऊन गेले. तिथे अदखलपात्राची एक चिठ्ठी देऊन परत पाठवले. त्या दिवशीचे चित्रीकरण कोणी पाहिले असते तर मारहाण दिसली नसती, पण दोन बायका सकाळपासून चारपर्यंत बाकावर बसल्याचे दिसले असते. मानवी हक्कांचा भंग म्हणजे काठीच पाहिजे असे नाही, हे समितीतल्या जिल्हा परिषद अध्यक्षांना कळावे म्हणून लिहिले.

कसबेकर (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. पंढरपूरच्या ताईंचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता; ठाण्यात ताटकळत ठेवणे हेही चित्रीकरणात दिसते आणि तपासता येते.

शंकासुर, तुमच्या भीतीला मला उत्तर असे सुचते. महापौरांनी चित्रीकरण एकट्याने पाहू नये. समितीच्या बैठकीत, कोणते ठाणे आणि कोणती तारीख हे चिठ्ठी टाकून निवडून, तीन अधिकाऱ्यांच्या समक्ष पाहावे, आणि प्रत घेण्याची मुभा कोणालाही नसावी. तेथे पक्षाचा कार्यकर्ता सोडवता येणार नाही. बंद कॅमेऱ्यांची ठाणेनिहाय यादी मात्र गुप्त ठेवण्याचे काहीच कारण नाही, ती दर महिन्याला महापालिकेच्या संकेतस्थळावर यावी. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतील मृत्यूंच्या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली. निकालाला पाच वर्षे होत आली तरी न्यायालयाला पुन्हा विचारावे लागले, यावरून पाठपुरावा कोणी तरी खालून केला पाहिजे हे उघड आहे.

माहितीच्या अधिकारात विचारायचे प्रश्न काढत आहे. जिल्हा समिती स्थापन केल्याच्या आदेशाची प्रत, सदस्यांची पदनामे, झालेल्या बैठकांच्या तारखा व इतिवृत्ते, राज्य समितीला पाठवलेले मासिक अहवाल, गेल्या वर्षात ठाणे प्रमुखांनी कळवलेले बिघाड, आणि बिघाडाच्या काळातील अटकांची नोंद समितीला मिळाली काय. पुणे, ठाणे, नागपूर आणि सोलापूर या जिल्ह्यांसाठी प्रत्येकी एकाने अर्ज करावा.

शंकासुर

चिठ्ठीची पद्धत मान्य. मुंबई उपनगर मी घेतो. अर्ज नक्की कोणाकडे करायचा, जिल्हाधिकाऱ्यांकडे की पोलिसांकडे?

नागपूरची वकील

जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करा. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत अर्ज पुढे पाठवायचा असतो, आणि त्या पत्रावरून फाइल कोणाच्या टेबलावर आहे तेही आपोआप कळते. कसबेकर, तुमची यादी मात्र छाटावी लागेल. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, नाहीतर त्याच कारणाने परत येईल. अटकांच्या नोंदीचा प्रश्न वेगळ्या अर्जात घ्या आणि त्यात नावे मागू नका, फक्त नोंद पाठवल्याच्या जावक क्रमांकाची व तारखेची प्रत मागा. तेवढ्याने नोंद गेली की नाही ते कळेल, आणि खासगी माहितीचे कारण सांगून नाकारणे त्यांना अवघड जाईल.